आधी वाताचं नाव विचारा, मग गोळी: कर्जत-खालापुरातल्या सांधेदुखीचा खर्च

सांधेदुखीवरचा सर्वात महाग खर्च कोणता? बहुतेक जण म्हणतील, गुडघा बदलण्याचं ऑपरेशन. माझ्या मते तो ‘वात आहे, चालायचंच’ म्हणून निदानाशिवाय काढलेल्या दोन-तीन वर्षांचा असतो. कधी मेडिकलमधून दोन गोळ्या, कधी बाजारच्या दिवशी विकत घेतलेली पुडी, कधी कंबरेत एक इंजेक्शन. प्रत्येक वेळी पन्नास-शंभर रुपयेच जातात, म्हणून ते कुणी मोजत नाही.

संधिवात हा एकच आजार नव्हे. या नावाखाली शंभराहून जास्त आजार येतात. आपल्याकडे गावपातळीवर त्यांची मोजदाद झाली ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, १९९६ मध्ये, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पाहणीत. तिथल्या प्रौढांत गुडघे वगैरेंची झीज साधारण सहा टक्के लोकांना, तर आमवात, म्हणजे रुमेटॉइड, जेमतेम अर्धा टक्का लोकांना आढळला. म्हणजे आमवात कमीच. पण वेळ दवडली तर बोटं कायमची वाकडी करतो तो हाच.

झिजेची दुखणी ओळखायला सोपी. वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, उठता-बसता, जिना चढताना दुखतं, विसावलं की बरं वाटतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. यासाठी रक्ताच्या चाचण्यांचं मोठं पॅकेज करायची गरज नसते. डॉक्टरांनी हात लावून तपासणं आणि लागलाच तर उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो. खासगीत तो साधारण ३०० ते ६०० रुपयांत होतो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरवणं हे खरे उपाय. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्या आणि घरी करा. रोज पैसे देऊन मशीन लावून घ्यायची गरज नाही. ‘वंगण संपलं’ म्हणून दिली जाणारी काही हजारांची इंजेक्शनं किंवा महागड्या पावडरी यांच्यामागचा पुरावा कच्चा आहे. पैसे जपून वापरायचे असतील तर ते तिथे घालू नयेत.

आमवाताचं चित्र वेगळं. तो बायकांना जास्त होतो, तेही ऐन कामाच्या वयात. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात, आणि सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही, तांदळाची भाकरी थापता येत नाही. असं सहा आठवडे चाललं तर वाट पाहू नये. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या चाचण्या लागतात. खासगी लॅबमध्ये सगळ्या मिळून दोन-तीन हजारांपर्यंत जातात, त्यातली अँटी-सीसीपी एकटीच हजाराच्या पुढे. औषध मात्र स्वस्त. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड बहुतेकांना महिन्याला शंभर-दोनशे रुपयांत पुरतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर लिहून घ्या. गरोदरपणात ती चालत नाही, दारू चालत नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्त व यकृत तपासावं लागतं. त्या तपासणीचे सहाशे-हजार हिशेबात धरा.

आता त्या पुड्यांबद्दल. ज्या ‘जडीबुटी’ने दोन दिवसांत सूज उतरते, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावीच. तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर तो बहुधा गाऊट. युरिक ॲसिडची चाचणी १५० ते ३०० रुपयांत होते, पण दुखणं ऐन भरात असताना ती नॉर्मलही येते. दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. उलट, काहीच दुखत नसताना फक्त आकडा वाढला म्हणून सहसा गोळी सुरू करत नाहीत. गाऊटच्या भीतीने थंडीतल्या पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांना, लोक उगाच घाबरतात. शेंगा निर्दोष आहेत. सोबतची बिअर आणि मटण यांचा विचार करा.

पावसाळ्यानंतर ताप येऊन सांधे धरले तर चिकुनगुनियाची शंका घ्यावी, त्यातली दुखणी महिनोन्‌महिने रेंगाळतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी नको. तिशीच्या आतल्या तरुणाची कंबर पहाटे आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल तर मणक्याच्या संधिवाताची शंका घ्यावी. आदिवासी वाड्यांतल्या मुलांचे सांधे पुन्हापुन्हा दुखत असतील तर सिकलसेलची चाचणी मागावी. आणि एकच सांधा लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण सांध्यात पू झालेला असू शकतो.

जायचं कुठे? कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं इथून सुरुवात करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथून पुढे पाठवलं तर रायगड जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग असलं तरी आपली लोकल सायन आणि परळकडे जाते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा परळच्या केईएममध्ये मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात होते. तिकिटापेक्षा बुडालेला रोज महाग पडतो, म्हणून जुने रिपोर्ट, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत न्या. नाहीतर तीच तपासणी पुन्हा, तोच दिवस पुन्हा.

गुडघा बदलायचाच झाला तर खासगीत एका गुडघ्याचे दीड ते अडीच लाख धरून चाला. त्याआधी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, किंवा १५५३८८ वर, ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते ते विचारा. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमचा पूर्ण संच, जो बहुतेकांना बसवतात, ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. पुढे त्यात थोडा बदल होत गेला. बिलात सांध्याची कंपनी, बॅच नंबर आणि किंमत स्वतंत्र लिहून मागा. खोक्यावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कोणता सांधा बसवलाय हे कुणालाही कळेल.