तान्ह्या बाळाचा शोक : दावीद राजाचा अर्धाच धडा

जन्मल्यापासून 30 दिवसांच्या आत बाळ वारले, किंवा पोटातच गेले, तर सर्वसाधारणपणे आपल्यात शिवा बसत नाहीत. मग आलेगेले आईला सांगतात, "दावीद राजाचेही मूल गेले. तो उठला, जेवला. तूही ऊठ आता."

वाचकहो, हा दाखला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात आहे. तो आपण पुरता वाचू या. मूल आजारी असता दावीद उपाशी राहिला, जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल वारले. तेव्हा त्याने स्नान केले, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन केले, मग जेवला. येथवर सर्वांना पाठ असते. पुढे 24 व्या वचनात मात्र लिहिले आहे की, त्याने बथशेबेचे सांत्वन केले. म्हणजे राजा उठला तरी आईचे दुःख सरले नव्हते, आणि शास्त्राने त्याची नोंद ठेवली.

दुसरी गोष्ट. त्या अध्यायात नाथान संदेष्टा दोष देतो तो दावीदाला, आईला नव्हे. आजही पुष्कळ बाया "मी जड उचलले, म्हणून झाले" असे मनाला खात बसतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तेव्हा पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, असे डॉक्टर सांगतात. रोजच्या घरकामाने तो पडत नाही.

शिवा नाही म्हणजे दुःख नाही, असे शास्त्र म्हणत नाही. बाळ जगणारे आहे की नाही, याची खात्री 30 दिवसांनी होते, असे आपले जुने विद्वान मानीत. पण नऊ महिने पुरे भरल्याची खात्री असेल, तर बाळ जन्मल्या दिवशी वारले तरी शोक पाळावा, असे 12 व्या शतकात रांबामने लिहून ठेवले. आपल्या घरी काय करावे, ते रब्बींना विचारावे. सुंता होण्याआधी वारलेल्या मुलाची सुंता कबरेपाशी करून त्याला नाव देण्याचीही रीत आहे. ते बाळ बिननावाचे जात नाही.

तेव्हा आम्हांला एवढेच सांगायचे आहे. शिवा नसली तरी त्या घरी जा. जेवणाचा डबा न्या. "तरुण आहेस, दुसरे होईल" हे शब्द गिळून टाका. नाव ठेवले असेल तर त्या नावाने बोला. बापालाही विचारा, तोही गप्प बसलेला असतो. महिना उलटला तरी झोप नाही, अन्न जात नाही, असे दिसले तर तिला कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

दावीदाचे 24 वे वचन पाळायचे ते असे.