हातग्राइंडर वापरताना घ्यावयाची दक्षता

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीपूर्वी ट्रॅक्टरची चिखलणीची लोखंडी चाके दुरुस्त करण्यास हातग्राइंडर वापरतात. त्याची 100 मिलिमीटरची चकती मिनिटास सुमारे 11,000 फेरे घेते. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावी. मधल्या कड्यावरील मुदतही पाहावी. दमट कोठीत पावसाळाभर पडलेली चकती नवी दिसली तरी टाकून द्यावी. येथे काटकसर नको. कापण्याच्या पातळ चकतीने घासू नये. मोठी चकती बसावी म्हणून संरक्षक पत्रा काढणे ही तर सर्वांत घातक सवय होय. चकती फुटल्यास तुकडे तोंडावर येतात. डोळ्यांस बंद चष्मा लावावा. ठिणग्या तणशीच्या ढिगाकडे वा उन्हाळ्यातील पालापाचोळ्याकडे जाऊ देऊ नयेत, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी त्या जागेवर लक्ष ठेवावे.