दवाखान्यातल्या संगणकाला वेग नको, भरवसा हवा



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अनेक छोट्या दवाखान्यांत, लॅबमध्ये आणि मेडिकल दुकानांत केसपेपरची जागा आता संगणकाने घेतली आहे. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, ‘आभा’ हे आरोग्य-ओळख क्रमांक आले आणि रुग्णाची नोंद संगणकात ठेवणं नेहमीचं झालं. म्हणून तिथला संगणक वारंवार बंद पडणं हा आरोग्याचाही प्रश्न ठरतो. त्याचं एक कारण आपण स्वतः ओढवून घेतो: रॅम प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं.

हे होतं कसं?

असेंबल केलेल्या संगणकाच्या रॅमवर बऱ्याचदा ३६०० असा आकडा छापलेला असतो. डीडीआर-४ रॅमचा प्रमाणित वेग मात्र ३२०० पर्यंतच जातो आणि तिला १.२ व्होल्ट लागतात. छापलेला वेग मिळवायचा तर बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ चालू करावं लागतं; त्यात व्होल्टेज बहुधा १.३५ पर्यंत चढतं. डीडीआर-५ मध्ये एएमडीच्या मदरबोर्डवर हीच सोय ‘एक्स्पो’ नावाने येते. रॅमला हा वेग पेलला, तरी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला आणि मदरबोर्डला तो पेलेलच असं नाही. रॅमच्या दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या किंवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र केल्या, की अडचण वाढते. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा आणि पंखा नसलेली कोंदट खोली यांची भर पडते.

लक्षणं ओळखा

काम चालू असताना निळा पडदा येतो आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’सारखी सूचना दिसते. संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. कालपर्यंत उघडणारी फाइल खराब झाल्याचं सांगतो. सकाळी सुरळीत चालतो आणि दुपारी गर्दीच्या वेळी अडतो. ही लक्षणं एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), हार्ड डिस्क किंवा अनियमित वीजपुरवठ्यामुळेही दिसतात. म्हणून तपासणीआधी नवी रॅम विकत घेऊ नका.

बंद पडण्यापेक्षा मोठा धोका

संगणक बंद पडला तर निदान कळतं तरी. रॅममधला एकच बिट उलटला आणि संगणक चालतच राहिला, तर चूक कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तातली साखर १२० अशी पूर्णांकात साठवली आहे असं समजा. तिच्यातला १२८ किमतीचा एक बिट शून्याचा एक झाला, की आकडा २४८ होतो. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला मतमोजणीच्या यंत्राने ४०९६ मतं जास्त दाखवली होती. हा आकडा नेमका एका बिटाच्या किमतीएवढा आहे. तिथे रॅमचा वेग वाढवलेला नव्हता, पण एक बिट किती फरक करतो हे त्यातून दिसतं. साध्या रॅममध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करण्याची पूर्ण व्यवस्था नसते. त्यासाठी ईसीसी रॅम आणि तिला चालणारा मदरबोर्ड लागतो.

निदान कसं करायचं?

१. सगळ्यात आधी रुग्णांच्या नोंदींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. जुना चांगला बॅकअप पुसू नका.

२. त्रास सुरू होण्याआधी काय बदललं ते आठवा: नवी पट्टी बसवली, बायोस अपडेट केलं, की कोणी एक्सएमपी चालू केलं?

३. बायोसमध्ये मूळ सेटिंग परत आणा आणि आठवडाभर रोजचं काम करा. त्रास थांबला, तर कारण बहुधा सापडलं.

४. त्रास चालूच राहिला, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवा. बसल्या जागी ठीक वाटणारं हृदय ट्रेडमिलवर आपला दोष दाखवतं, तशी रॅमही भार पडल्यावर उघडी पडते. एक चूक दिसली तरी चाचणी नापास समजा.

५. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासा. मूळ वेगावर सगळ्या पट्ट्या पास झाल्या, तर दोष दुसरीकडे शोधा.

उपचार

दवाखान्यासाठी उपचार एकच: एक्सएमपी बंद ठेवा. नोंदी आणि बिलांच्या कामात त्या वेगाचा फरक जाणवत नाही. संगणक हळू वाटत असेल, तर एसएसडी आणि पुरेशी रॅम यांनी जास्त फायदा होतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करणाऱ्या तरुणांनी बायोस अद्ययावत करावं, वेग ३६०० वरून ३२०० वर आणावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. अंदाजाने व्होल्टेज वाढवू नये. डीडीआर-५ मध्ये बदलानंतर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाईने वीज बंद करू नका. कृषिपंप चालू-बंद होताना वीज वरखाली होते, त्यासाठी चांगला यूपीएस आणि नीट अर्थिंग हवं.

स्वतःला जपा

संगणकाची पेटी उघडण्याआधी प्लग काढा. एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहतो. कोणाला शॉक लागलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल, तर माणसाला कोरड्या लाकडाने तारेपासून दूर ढकला; हात लावू नका. तो बेशुद्ध असेल आणि श्वास थांबला असेल, तर १०८ ला फोन लावून लगेच सीपीआर सुरू करा.

रुग्णांना विनंती

जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या कागदावर जपून ठेवा. नवा रिपोर्ट तुमच्या प्रकृतीशी अजिबात जुळत नसेल, तर तपासणी पुन्हा करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि दवाखाने, लॅब चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, आजच बायोस उघडून रॅमचा वेग तपासा. रुग्णाची नोंद ज्या यंत्रात आहे, ते यंत्र प्रमाणित वेगावरच चालायला हवं.