पेस्टिंगचे दिवस आणि चोरून द्यायची गोळी

अगं धाकटे, दारू सुटावी म्हणून मालकांच्या चहात न सांगता टाकायची गोळी आणू का, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी नुसतं 'अजिबात नको' म्हटलं. घरात माणसं होती, मोकळं बोलता आलं नाही. आता नीट सांगते, कारण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि छाटणीपाठोपाठ तुमच्या द्राक्षबागेत पेस्टिंग सुरू होईल. त्या गोळीचं आणि पेस्टिंगच्या औषधाचं लिव्हरमधलं काम जवळजवळ एकच आहे.

दारूचा रेणू अगदी लहान आणि उडून जाणारा. थोडी दारू श्वासातून आणि लघवीतून तशीच बाहेर पडते, बाकी जवळपास सगळी लिव्हरला निस्तरावी लागते. तिथे दोन विकरं एकामागून एक काम करतात. पहिलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज. ते दारूचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ दारूपेक्षा किती तरी विषारी, आणि इतका उडता की 20-21 अंशांनाच उकळतो. दुसरं अल्डिहाइड डिहायड्रोजनेज. ते त्या विषाचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं, आणि शेवटी त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. एरवी दुसरं विकर इतकं चपळ असतं की मधलं विष फारसं साठत नाही.

पहिल्या टप्प्याचा वेग मात्र ठरलेला. तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. विलायती दारूच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ती निस्तरायला सहा ते साडेआठ तास हवेत. ताक पाजा, लिंबू चाटवा, डोक्यावर पाणी ओता, लिव्हर घाई करत नाही.

आता बागेकडे ये. आपल्या जतच्या हवेत वेलीला हवी तशी थंडी मिळत नाही, म्हणून छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. त्यासाठी डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेच पेस्टिंग. बागेत सगळे त्याला डॉरमेक्सच म्हणतात. वेलीच्या डोळ्यात ते कॅटलेज नावाच्या विकराला अडवतं आणि त्यामुळे डोळा जागा होतो, असं मानतात. माणसाच्या अंगात गेलं की गंमत उलटी होते. आपल्यातलं कॅटलेजच त्याच्यापासून असा पदार्थ बनवतं की तो मी मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या विकराला जाऊन चिकटतो आणि ते बंद पाडतो. पहिलं विकर चालू, दुसरं बंद. अशा अंगात एक पेला जरी गेला, तरी ॲसिटाल्डिहाइड रक्तात तुंबतं.

मग काय होतं ते नीट लक्षात ठेव. तोंड, मान, छाती लालभडक होते, डोळे तांबारतात. डोकं ठणकतं, छातीत धडधड वाढते, उलट्या होतात, धाप लागते. जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस जागेवर बसतो. जोडीदार म्हणतात, 'आज जरा जास्तच झाली याला', आणि झोपवून टाकतात. धाकटे, जीव जाण्याची खरी भीती तिथे आहे.

हे आजचं नाही. 1914 सालीच जर्मनीत कॅल्शियम सायनामाइडच्या कामगारांना दारू सोसत नाही, अशी नोंद झाली होती. पुढे कॅनडात 1956 च्या सुमारास त्याच कुळातल्या पदार्थाची दारू सोडवायची गोळी झाली. इटलीतल्या द्राक्षबागांतही पेस्टिंगच्या या औषधाने लोक आजारी पडले, आणि 2008 मध्ये युरोपीय संघाने त्याची मंजुरीच नाकारली. आपल्याकडे त्याच्यावाचून बागायतदाराचं अडतं, हे मला कळतं. वापरू नका असं मी म्हणत नाही.

तू जी गोळी म्हणतेस ती बहुतेक डायसल्फिराम. डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी तिचा हा गुण 1948 मध्ये जगापुढे मांडला. ते शोधत होते जंतांवरचं औषध. तीही तेच दुसरं विकर अडवते. चांगलं औषध आहे, पण ज्याला द्यायचं त्याच्या संमतीने, आधी लिव्हर आणि हृदय तपासून. न सांगता दिलीस, आणि मालक नेहमीसारखे संध्याकाळी बसले तर? त्यातून अंगात पेस्टिंगचंही औषध असेल तर? तू त्यांच्या काळजीपोटी केलेलं त्यांच्या जिवावर बेतेल. ज्या दिवशी ते स्वतः 'सोडायचीय' म्हणतील, त्या दिवशी दोघं मिळून सरकारी दवाखान्यात जा. मी येते बरोबर.

तोवर पेस्टिंगचं तेवढं सांभाळ. लावणाऱ्याने रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घालायचा. हे कातडीतूनही आत जातं आणि कातडी भाजतंही. कामाचे कपडे तू उघड्या हातांनी, पोरांच्या कपड्यांत धुऊ नकोस. दारू आदल्या दिवसापासूनच बंद. नंतरही निदान आठवडाभर नको, कारण बंद पडलेलं विकर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. द्राक्षासव, अरिष्टं, खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं, तीही नकोत. पेस्टिंगच्या टोळीतल्या बायकांनाही हे सांग, बाळंतकाढे-आसवं घेणारी एखादी असतेच.

मुकादमाला एक मात्र बजाव. ज्याला रोज लागतेच, सकाळी हात थरथरतात, अशा माणसाला पेस्टिंगला घ्यायचंच नाही. त्याला एकदम थांबवलं तरी झटके येऊ शकतात आणि नाही थांबवलं तर हे विष. त्याला काड्या गोळा करायला लाव, मजुरी तीच दे. आणि कुणी लाल होऊन पडलाच तर 108 ला फोन करून कुशीवर निजव. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांग, दारू कधी घेतली आणि पेस्टिंग कधी केलं. पेस्टिंगच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल बरोबर ने.