एकविसावा दिवस

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण ३३ तासांचा कोंबडीचा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आकृती काढतो, भागांना नावे देतो आणि वही मिटतो. त्या गर्भाचे पुढे काय झाले असते, हे कोणी विचारत नाही. गेल्या सुटीत गावी मी प्रथमच अंडी उबवायला बसवली, तेव्हा ते पाहायला मिळाले.

गावठी कोंबडी अंडी घालायची थांबते, रिकाम्या जागेवर बसून राहते, हात लावताच पिसे फुलवून टोचते, ती खुडूक झाली असे समजावे. पेंढा घातलेल्या टोपलीत तिच्याखाली आठवड्याच्या आतली, न तडकलेली दहा-बारा अंडी ठेवावीत. मात्र कळपात कोंबडा हवाच; त्याशिवाय अंडे फलित होत नाही. दाणापाणी जवळच ठेवावे.

पिल्ले निघायला सुमारे २१ दिवस लागतात. कोंबडी अंडी दिवसातून अनेकदा उलटवते. नाहीतर गर्भ कवचाला आतून चिकटतो. सातव्या रात्री मी अंडी विजेरीपुढे धरली. बारांपैकी नवांत कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा दिसल्या. तीन अंडी आरपार स्वच्छ होती, ती काढली.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. पिल्लू आधी रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. मग चोचीवरच्या टणक टोकाने कवच फोडते. यापुढे बाहेर यायला कधीकधी पुरा दिवस जातो. पण तो वेळ वाया जात नाही. पडद्यातले रक्त पिलाच्या अंगात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्या बलकावर ते पहिले दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकते.

हे मी वाचले होते, तरी धीर धरवला नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला भोक पडले, ते दुपारपर्यंत तेवढेच. पिल्लू गुदमरेल म्हणून मी नखाने कवच सोलले. पडद्यातून रक्त आले आणि संध्याकाळी पिल्लू गेले. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “कोंबडी बघ की. शेजारीच बसलीय, चोच लावती काय ती?”

उरलेली आठ पिल्ले दुसऱ्या सकाळपर्यंत आपली आपण बाहेर आली. पक्ष्याला संस्कृतात द्विज म्हणतात, दोनदा जन्मलेला. त्याचा दुसरा जन्म त्यालाच घ्यावा लागतो. आपण फक्त घार आणि मांजर यांच्यावर लक्ष ठेवावे.