ट्रक एका अंगाला झुकतो? आधी फीत लावा, मग पाटा घाला



गाळप हंगाम तोंडावर आला की आपण तोडणीचे, टोळ्यांचे बोलतो. ट्रकचे बोलणे निघते ते तो वाटेत बसल्यावरच. एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा ट्रक काट्यावर पुढून डावीकडे झुकलेला दिसे. "मोळ्या एका अंगाला जास्त रचल्या असतील," म्हणून आम्ही सोडून दिले. पुढे तोच ट्रक ओढ्याच्या उतारावर कलंडला आणि वर बसलेल्या तोडणी मजुराचा हात मोडला. त्याचा सारा हंगाम बुडाला. गाडी रिकामी असतानाही झुकलेलीच असे, हे ड्रायव्हरने नंतर सांगितले. आम्ही आधीच विचारायला हवे होते.

पुढच्या दोन पाट्यांमध्ये सुमारे तीन फूट अंतर धरा. तेथे गाडी एक इंच कलली, तर त्याच हिशेबाने नऊ फुटांवरचा ऊस तीन इंच बाजूला सरकतो. त्यात रस्त्याचा उतार मिळाला, की तोल जायला वेळ लागत नाही.

मोजायचे कसे? रिकामा ट्रक सपाट फरशीवर, चाके सरळ ठेवून उभा करा. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी भरा. मग दोन्ही बाजूंना दोन मापे घ्या: एक, जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत, दुसरे, अ‍ॅक्सलपासून चॅसीपर्यंत. पहिल्या मापात फरक आला तर दोष टायरचा. दुसऱ्यात आला तर पाट्यांकडे पाहा. मात्र मागचा पाटा बसला असला, तरी पुढचा कोपरा झुकलेला दिसतो. म्हणून मागेही फीत लावावी.

काय तपासायचे? पाटा तुटला आहे काय, सेंटर बोल्ट कापला आहे काय, यू-बोल्ट ढिले आहेत काय, शॅकलच्या पिना व बुश झिजले आहेत काय. चिखल धुऊन काढल्याशिवाय बारीक तडा दिसत नाही.

दुरुस्ती. या पाट्यांना उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू नसतो. पुष्कळ जण झुकलेल्या बाजूला एक जादा पाटा घालून मोकळे होतात. असे करू नये. एक बाजू कडक, दुसरी मऊ झाली की ब्रेक लावताना गाडी ओढते. तुटलेला पाटा त्याच मापाचा बदला; पाटे बसलेच असतील तर दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. साध्या भट्टीत तापवून कमान काढलेल्या पाट्याचे पाणी उतरते; तो लवकर बसतो किंवा तुटतो. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर असेल, तर ती होती त्याच दिशेने बसवा, नाहीतर स्टिअरिंग बिघडते.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चॅसीखाली मजबूत घोड्या लावा, मागच्या चाकांना उटी द्या. पहिली भरलेली खेप झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळा. चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोतही तपासून घ्या.

हे झाले तरी मोळ्या दोन्ही अंगांना सारख्या रचाव्या लागतात, आणि उसावर माणूस बसवायचा नाही तो नाहीच. पाट्याला पैसे पडतात खरे. पण पाटा बाजारात मिळतो, माणसाचा हात मिळत नाही.