शंका-समाधान : चालक नसलेली गाडी आणि फुकटचा गेम

शंका : आम्ही दोघं साताऱ्याहून मुलाकडे पंगोलला आलो आहोत. इमारतीखालून टपावर यंत्रं बसवलेल्या गाड्या जातात. मुलगा म्हणतो, ती गाडी आपली आपण चालते, एकदा बसू या. ह्यांना हौस आहे, मला धीर होत नाही. यंत्रावर जीव सोपवायचा कसा?
— एक आजी, पंगोल, सिंगापूर

समाधान : आजी, पंगोलहून तुम्ही ज्या एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, शहरात जाता, त्या नॉर्थ ईस्ट लाइनच्या गाड्या २००३ पासून चालकाविना धावतात. पण तिथे रूळ आहेत, फलाटाला दारं आहेत, आडवं कुणी येत नाही. रस्त्यावर पोर धावतं, सायकल मध्येच वळते. तेव्हा तुमची भीती रास्त आहे. ती मनात ठेवूनच ऐका.

टपावरच्या त्या यंत्राचं नाव लायडार. ते सतत प्रकाशाचे सूक्ष्म ठोके सोडतं आणि ते आदळून परत यायला लागलेल्या वेळेवरून समोरच्या वस्तूचं अंतर काढतं. सोबत रडार असतं, कॅमेरे असतात आणि रस्त्याचा बारीक नकाशा आधीच भरलेला असतो. दुपारी इथे धो धो पाऊस कोसळला की थेंबांवरूनही प्रकाश परततो आणि यंत्राला थेंब कुठला नि वस्तू कुठली हे निवडावं लागतं. पण दिसण्यापेक्षा ओळखणं अवघड. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेम्पी इथे उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंचा जीव घेतला. तपासात निघालं, की गाडीला त्यांची चाहूल ५.६ सेकंद आधीच लागली होती. पण ती त्यांना कधी वाहन समजे, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. दर वेळी ओळख बदलली की त्या कुठे जाणार याचा हिशोब पहिल्यापासून सुरू होई. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती.

सिंगापूरलाही धडक पाहावी लागली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यूटोनॉमी कंपनीने वन-नॉर्थ भागात छोट्या विजेच्या गाड्यांतून निवडक लोकांना फिरवायला सुरुवात केली. दोन महिने होतात न होतात तोच, १८ ऑक्टोबरला, बायोपोलिस ड्राइव्हवर लेन बदलताना त्यातली एक गाडी लॉरीला जाऊन लागली. वेग कमी होता, कुणाला इजा झाली नाही. तरी चाचणी थांबवली गेली. सॉफ्टवेअरमधले क्वचित घडणारे दोष एकाच वेळी जुळून आले होते, हे शोधून लोकांना सांगितलं गेलं आणि मगच गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. माझा भरवसा यंत्रावर नाही, या शिस्तीवर आहे. गाडी चुकली तर कुठे चुकली हे सांगायला कुणीतरी बांधलेला हवा. २०१७ मध्ये इथल्या रस्ते वाहतूक कायद्यात दुरुस्ती झाली. आता चाचणीच्या गाडीला आधी परीक्षा द्यावी लागते, प्रवासाची नोंद ठेवावी लागते, विमा काढावा लागतो.

पंगोलमध्ये अशा गाड्या चालवण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये कंपन्यांच्या दोन जोड्या निवडल्या गेल्या. एक ग्रॅब आणि वीराइड, दुसरी कम्फर्टडेलग्रो आणि पोनी-एआय. मार्ग ठरलेले आहेत आणि सुरुवातीच्या काळात गाडीत प्रशिक्षित माणूस ठेवण्याचं बंधन आहे. असा माणूस गाडीत असेल तर मी माझ्या आईला घेऊन बसेन. पट्टा लावा आणि निवांत जा. फक्त रस्ता ओलांडताना ‘ती गाडी आहे, थांबेलच’ असं धरून चालू नका. सिग्नलवर हिरवा माणूस दिसला तरच पाऊल टाका.

शंका : मी पिंपरीत टॅक्सी चालवतो. परदेशात चालक नसलेल्या गाड्या आल्याचं ऐकतो. आमच्या पोटावर पाय येणार का?
— एक वाचक, पिंपरी

समाधान : दादा, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात स्पष्ट सांगितलं, की अशा गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत. कारण हेच, चालकांच्या रोजगाराचं. मंत्र्यांचा शब्द कायमचा नसतो हे मलाही कळतं, पण हा प्रश्न देशागणिक वेगळा आहे. सिंगापुरात बस-टॅक्सीला चालक मिळत नाहीत, आहेत त्यांची वयं वाढताहेत. म्हणून तिथे ही गाडी माणसाची उणीव भरून काढायला येते आहे. आपल्याकडे माणूस आहे, त्याला काम हवं आहे. सिंगापूरचं पाहून ती भारतात आणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातून पट्टे पुसलेल्या आणि उलट्या बाजूने दुचाकी येणाऱ्या रस्त्यावर तुम्ही जे रोज नजरेने ओळखता, ते यंत्राला शिकवणं फार दूरचं काम आहे.

शंका : मी अभियांत्रिकीला आहे. गेम क्रॅक करून खेळलो तर एवढ्या मोठ्या कंपनीचं काय जातं?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

समाधान : मोबाइलवरचे कित्येक चांगले गेम मोठ्या कंपन्या करत नाहीत, मूठभर माणसं करतात. लंडनच्या अस्टू या स्टुडिओने ‘मॉन्युमेंट व्हॅली’ काढला. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी सांगितलं, की अँड्रॉइडवर शंभरातल्या पाचच प्रती पैसे देऊन घेतलेल्या आहेत. उरलेल्या सगळ्याच चोरीच्या नव्हत्या, एकच माणूस दोन उपकरणांवर गेम चढवतो, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. तरी पाच म्हणजे पाचच. २०१२ मध्ये ‘डेड ट्रिगर’ जेमतेम एका डॉलरला होता. चोरी इतकी झाली, की मॅडफिंगर कंपनीने तो अँड्रॉइडवर फुकट करून टाकला आणि कमाई गेमच्या आतल्या खरेदीवर ठेवली. आज प्रत्येक गेम पावलोपावली नाणी नि रत्नं विकत घ्यायला लावतो म्हणून तू चिडत असशील. त्याची अनेक कारणं आहेत, पण त्यातलं एक आपण खेळणाऱ्यांनीच घडवलं आहे.

कायदाही माहीत असू दे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब सांगतं, की जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस कैद होऊ शकते. धंदा नसेल तर न्यायालय फक्त दंडावर सोडू शकतं. उद्या तू स्वतः कोड लिहून पोट भरणार आहेस. तुझ्या कामाचे पैसे मागण्याचा हक्क तुला हवा असेल, तर आज दुसऱ्याचे दे.

शंका : माझा तेरा वर्षांचा मुलगा माझ्या फोनवर टेलिग्रामवरून गेमची ‘मॉड’ एपीके उतरवतो. परवा एक टाकल्यापासून फोन तापतो आणि स्क्रीन मधूनच काळी होते. त्याच फोनवर बँकेचं ॲप आहे. काही धोका आहे का?
— एक आई, जुराँग, सिंगापूर

समाधान : ताई, हे वाचत असाल तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, मग पुढे वाचा.

गेम पटापट जिंकता यावा, नाणी अमर्याद मिळावीत म्हणून कुणा अनोळखी माणसाने मूळ गेम उघडून, त्यात बदल करून, पुन्हा बांधला की त्याला मॉड म्हणतात, आणि ॲपच्या फाइलला एपीके. त्याने आणखी काय घातलं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. टाकताना फोन ‘अनोळखी स्रोत’ असा इशारा देतो. पोरं तो बंद करतात. मग ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. ही सोय अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती दिली की ॲपला तुमची स्क्रीन वाचता येते, तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. एसएमएसची परवानगी मिळाली की ओटीपीही त्याच्या हाती जातो. वर काळी स्क्रीन दाखवून खाली पैसे वळवणं ही अशा ॲपची ठाऊक असलेली रीत आहे. तुमच्या फोनचं कारण दुसरंही असेल, पण ते नंतर तपासू.

२०२३ मध्ये सिंगापुरात अशाच बाहेरून टाकलेल्या ॲपमुळे शेकडो लोकांची खाती रिकामी झाली. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने असल्या परवानग्या मागणारी, बाहेरून उतरवलेली ॲप आपोआप अडवण्याचा प्रयोग इथूनच सुरू केला. वरच्या आजींना मी सांगितलं, की गाडी चुकली तर जाब देणारा माणूस आहे. या मॉडमागे तसा कुणी नाही. पैसे गेले तर कुणाचं दार ठोठावणार?

आता करायचं ते असं. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करा आणि खातं गोठवायला सांगा. इथल्या बँकांनी त्यासाठी तातडीची सोय ठेवली आहे. दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे आणि सिंगपासचे, म्हणजे इथल्या सरकारी डिजिटल ओळखीचे, पासवर्ड बदला. हा फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करा आणि बॅकअपमधून ती एपीके परत आणू नका. पुढे बचतीचा मोठा भाग बँकेच्या ‘मनी लॉक’मध्ये ठेवा, म्हणजे तो ऑनलाइन हलवताच येत नाही. मुलाला मारू नका, ओरडूही नका. भ्यायलेलं पोर पुढच्या वेळी लपवतं. त्याला शेजारी बसवून फोन पुसताना दाखवा, आणि त्याला आवडलेला एक गेम तुमच्या पैशांनी विकत घेऊन द्या.

शंका आली की सिंगापुरात १७९९ वर फोन करा. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर १९३० वर. आजच करा, पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका.